पोहताना अचानक दम कोंडला, खोकल्यातून गुलाबी फेस आला, दोन दिवसांत एक्स-रे क्लिअर. हे नक्की काय होतं?

निळीशाई:

नमस्कार. लिहू की नको करत आठवडा काढला, शेवटी लिहितेय. वय ४४, नऊ वर्षं नियमित पोहते, त्यातली शेवटची चार ओपन वॉटर, म्हणजे पूलबाहेर, मोकळ्या पाण्यात. दमा नाही, सिगरेट कधी ओढली नाही, हार्टचं काही असल्याचं माहीत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी ३ किलोमीटरचा इव्हेंट होता. पाणी गार, १६ डिग्री. वेटसूट नवीन होता, छातीला जरा आवळत होता पण म्हटलं पाण्यात गेल्यावर बसेल अंगाला. सुरुवात नेहमीपेक्षा जोरात झाली, शेजारचे सगळेच सुटले होते आणि मीही त्यांच्यामागे. साधारण १२०० मीटरला श्वास पुरेना. दम लागणं मला माहीत आहे हो, हे तसं नव्हतं, आत हवा जातेय पण कुठे पोचतच नाहीये असं काहीतरी. मग खोकला सुरू झाला आणि छातीत गुडगुड ऐकू यायला लागली, हुक्का ओढताना येते तशी, आणि ती माझ्याच छातीतून येतेय हे कळायला मला दोनचार सेकंद लागले. पाठीवर आडवी झाले तर आणखीच वाईट. हात वर केला, कयाकवाल्याने ओढत किनाऱ्यावर आणलं.

किनाऱ्यावर पांढऱ्या टॉवेलमध्ये खोकले, त्यावर साबणाच्या फेसात चिमूटभर कुंकू कालवावं तसा फेस. तो टॉवेल अजून डोळ्यासमोरून जात नाही. ऑक्सिजन ८६ दाखवत होता. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला, एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना पांढुरकं धुकं. तिथे सांगितलं की पाणी गिळलंत, ते फुफ्फुसात गेलं, न्यूमोनियाची सुरुवात आहे, अँटिबायोटिक घ्या. पण मी पाणी गिळलंच नव्हतं! ठसका लागला नव्हता, नाकातोंडात गेलं नव्हतं. ताप पण आला नाही. संध्याकाळपर्यंत बरं वाटायला लागलं आणि तिसऱ्या दिवशीचा एक्स-रे एकदम स्वच्छ.

मला विचारायचंय की हे नक्की काय होतं, फुफ्फुसाला कायमचं काही झालंय का, आणि मी परत पाण्यात उतरू शकते का. घरचे म्हणतात आता पोहणं बंद. त्यांचं चुकतंय असं नाही, त्यांनी मला त्या अवस्थेत बघितलंय. पण पोहणं सोडायचं या विचाराने रात्री झोप लागत नाही.

पायडल:

ताई, आधी एक सांगतो, तुम्ही एकट्या नाही. मी सायकलिंग करतो, चढावरची टाइम ट्रायल. दोन वर्षांपूर्वी ७-८ मिनिटांच्या एका चढावर जीव तोडून पॅडल मारलं, वर पोचल्यावर तोंडात लोखंडाची चव आणि खोकल्यात लाल रेषा. थुंकीत रक्त बघून हातपाय गार पडले. त्या दिवसांत गुडघ्यासाठी रोज आयबुप्रोफेन चालू होती, ते पण असेल. नंतर सीटी स्कॅन काढला, काही निघालं नाही, परत कधी झालं नाही. मला समजावलं गेलं ते असं की हार्ट इतक्या जोरात रक्त ढकलतं की फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांना चिरा जातात आणि थोडं रक्त झिरपतं. त्यामुळे फार घाबरू नका, जोरात एक्झरसाइज केला की होतं असं कधीकधी.

श्वसनमार्ग:

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. न तपासता निदान सांगणं बरोबर नाही, त्यामुळे हे तुमच्या डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडावं म्हणून लिहितोय. पण तुम्ही ज्या क्रमाने सगळं सांगितलंय, गार पाणी, आवळलेला सूट, जोरात सुरुवात, गुडगुड, गुलाबी फेस, आडवं झाल्यावर वाढणं आणि दोन दिवसांत फुफ्फुस मोकळं होणं, ते पोहण्यामुळे होणाऱ्या पल्मनरी एडिमाशी तंतोतंत जुळतं. म्हणजे फुफ्फुसात बाहेरून पाणी गेलेलं नाही. तुमच्याच रक्तातलं पाणी आतल्या आत झिरपलंय. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पाणी गिळून झालं असं धरलं तर पुढच्या वेळी न गिळण्याची काळजी घ्याल आणि खरं कारण तसंच राहील.

आता हे होतं कसं. फुफ्फुसात हवा आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो तो जिथे सर्वात पातळ आहे तिथे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही साधारण एक तृतीयांश असतो. इतका पातळ म्हणूनच ऑक्सिजन झटकन पलीकडे जातो. हा पडदा टिकतो कारण फुफ्फुसातला रक्तदाब फार कमी असतो, विश्रांतीत सरासरी १४ मिलिमीटर पारा, म्हणजे हाताला पट्टा बांधून आपण जो मोजतो त्याच्या कितीतरी खाली. हार्ट विश्रांतीत मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं, जबरदस्त व्यायामात तेच २०-२५ लिटर, तयारीच्या खेळाडूंत त्याहून जास्त, आणि हे सगळंच्या सगळं रक्त फुफ्फुसातून जातं. दाब चढतो. आधी पडद्यातून पाणी झिरपतं, दाब आणखी चढला तर पडद्याला सूक्ष्म भेगा जाऊन लाल पेशी पण येतात. जॉन वेस्ट नावाच्या फिजिऑलॉजिस्टने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला केशवाहिन्यांचं स्ट्रेस फेल्युअर म्हटलं. तुमचा फेस गुलाबी होता, लालभडक नव्हता, कारण त्यात पाणी आणि प्रोटीन जास्त, लाल पेशी थोड्या.

मग सायकलवर क्वचितच आणि पाण्यात एवढं का? पाण्यात उतरल्याबरोबर बाहेरचा दाब पायातलं आणि पोटातलं रक्त छातीकडे ढकलतो, अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त. गार पाण्याने हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतात, तेही रक्त छातीतच येतं. घट्ट वेटसूट त्यात भर घालतो. आणि त्यावर तुम्ही जोरात पोहायला लागता. सगळं एकाच दिशेने.

पायडल, तुमचं वर्णन बरोबरच आहे. १९९७ मध्ये अव्वल सायकलपटूंवर नेमका असाच प्रयोग झालाय, ७ मिनिटं पूर्ण ताकदीने चढ चढल्यासारखं सायकलिंग केल्यावर त्यांची फुफ्फुसं सलाइनने धुऊन पाहिली तर धुवणात लाल पेशी आणि प्रोटीन सापडलं. नंतर त्याहून कमी जोराने तासभर चालवून पाहिलं तेव्हा लाल पेशी वाढल्या नाहीत. म्हणजे मुद्दा किती वेळ याचा नाही, किती जोर याचा आहे. पण 'होतं असं कधीकधी' हे वाक्य मला खटकलं, रागावू नका. खोकल्यातून रक्त आलं तर व्यायामाचं कारण सगळ्यात शेवटी, बाकी सगळं तपासून झाल्यावर. फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, टीबी, हृदयाची अरुंद झालेली मायट्रल झडप, ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणजे कायमच्या रुंदावलेल्या श्वासनळ्या, यातलं काहीही व्यायामाच्या दिवशीच पहिल्यांदा तोंड दाखवू शकतं. तुम्ही सीटी केलात हे फार चांगलं केलंत. कितीतरी जण टॉवेल धुवून टाकतात आणि कोणाला सांगत नाहीत.

निळीशाई ताई, तुमचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाय का? ईसीजी? आणि ब्लड प्रेशर शेवटचं कधी मोजलं होतं? अजून एक, इव्हेंटच्या आधीच्या तासाभरात किती पाणी प्यायलात? हार्टचे रिपोर्ट बघितल्याशिवाय पाण्यात उतरू नका, कितीही बरं वाटत असलं तरी.

खूर_आणि_लगाम:

मी घोड्यांची डॉक्टर आहे, रेसच्या घोड्यांबरोबर बरीच वर्षं काम केलंय. माणसात हे क्वचित म्हणून धक्का बसतो, आमच्याकडे हे रोजचं आहे, म्हणून लिहितेय.

पूर्ण वेगाने धावणाऱ्या घोड्याच्या फुफ्फुसातल्या धमनीत दाब १२० मिलिमीटरपर्यंत जातो. वर डॉक्टरांनी माणसाचा विश्रांतीतला आकडा १४ दिलाय, शेजारी ठेवून बघा. घोड्याचं हृदय अशा वेळी मिनिटाला २२० ते २४० ठोके देतं. रेस संपल्यावर तास-दीड तासात नाकातून एंडोस्कोप घालून श्वासनलिका बघतात. पहिल्यांदा मी स्कोप धरला होता तो घोडा बाहेरून एकदम ठणठणीत, गवत मागत होता, मान झटकत होता, आणि आत श्वासनलिकेच्या तळाशी रक्ताचा एक बारीक ओहोळ, ओल्या भिंतीवरून ओघळ यावा तसा. मालकाचा विश्वासच बसेना कारण नाकपुडी कोरडी होती. नाकातून रक्त फार थोड्या घोड्यांना येतं, आत स्कोप घातला तर निम्म्याहून जास्त घोड्यांत सापडतं, आणि एकाच घोड्याला तीन-चार रेसनंतर परत परत बघितलं तर जवळजवळ सगळ्यांत कधी ना कधी दिसतंच. आम्ही त्याला ० ते ४ ग्रेड देतो. जुनं आहे हे, अठराव्या शतकात बार्टलेट्स चिल्डर्स नावाचा नामांकित घोडा होता, त्याला रक्त यायचं म्हणून लोक ब्लीडिंग चिल्डर्स म्हणायचे.

हे सांगायचं कारण. घोड्यात रक्त बहुतेक फुफ्फुसाच्या मागच्या वरच्या भागात येतं, आणि वर्षानुवर्षं तेच होत राहिलं तर तिथे जखमेचे वण धरतात, शिरा जाड होतात, मग ते फुफ्फुस आणखी सहज रक्त सोडतं. एकदा झालं तर ऊतक भरून येतं. वारंवार झालं तर नाही येत तितकं नीट. काही देशांत रेसच्या चार तास आधी फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन देतात, लघवीवाटे पाणी काढून दाब उतरवायला, त्याने रक्त कमी येतं पण थांबत नाही, आणि त्यावरून वाद आहेतच. घोड्याला सांगता येत नाही की आज छाती भरल्यासारखी वाटतेय. तुम्हाला येतं. ताई, तुम्ही हात वर केलात ना, मला वाचताना तेवढंच बरं वाटलं.

किनारा:

मला दोनदा झालंय म्हणून लिहितो. पहिल्या वेळी मी कोणाला सांगितलं नाही, पॅनिक अटॅक असेल म्हटलं, गार पाण्याचा. सात महिन्यांनी परत, आणि त्या वेळी मी वाचलो ते फक्त शेजारी पोहणाऱ्या मित्राचं लक्ष होतं म्हणून. मला बोलताच येत नव्हतं, तीन शब्दांवर श्वास संपायचा.

पाण्यात असताना जे मला नंतर शिकवलं ते सांगतो, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. छातीत गुडगुड किंवा विनाकारण खोकला सुरू झाला की तिथेच थांबायचं, 'अजून दोनशे मीटर' हा विचार करायचा नाही. पाठीवर आडवं व्हायचं नाही, उभं राहायचं, तरंगणारं काही असेल तर ते धरायचं. लवकरात लवकर बाहेर. बाहेर आलं की वेटसूटची चेन पूर्ण उघडायची, कोणाकडून तरी फाडून घ्यायला लागली तरी चालेल, बसवून ठेवायचं, झोपवायचं नाही, अंग उबदार ठेवायचं. पाणी पाजायचं नाही! मला प्रेमाने दोन ग्लास पाणी पाजलं होतं किनाऱ्यावर. ऑक्सिजन मिळेल तितक्या लवकर लावायचा. नंतर डॉक्टरांनी स्टेथो लावला आणि माझ्या बायकोलाही ऐकवला, ती म्हणाली कानाजवळ केस बोटांत धरून चोळले की जसा आवाज येतो तसा येतोय.

निळीशाई:

सगळ्यांचे खूप आभार. खरंच वाचून रडू आलं, कोणीतरी समजून घेतलं म्हणून.

डॉक्टर, तुम्ही विचारलेल्या गोष्टी करून आले. ईसीजी ठीक, इको ठीक, झडपा ठीक. डी-डायमर, रक्ताच्या गुठळीसाठीची तपासणी, पण केली, नॉर्मल. पण ब्लड प्रेशर! दवाखान्यात दोनदा १५० च्या वर आलं तेव्हा म्हटलं भीतीने असेल, म्हणून २४ तासांचं मशीन लावलं, त्यात पण सरासरी १४६/९२. मला काही म्हणजे काही त्रास होत नव्हता. आठवून बघितलं तर मी बीपी पाच वर्षांत मोजलेलंच नाही, पोहणाऱ्या माणसाला कशाला बीपी असेल अशीच समजूत.

आणि पाणी. त्या सकाळी दीड लिटर प्यायले होते, इलेक्ट्रोलाइट घालून, कोणीतरी सांगितलं होतं गार पाण्यात डिहायड्रेशन कळत नाही म्हणून भरून घे. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

अजून एक प्रश्न. आमच्या ग्रुपमधली एक जण म्हणते सिल्डेनाफिल (व्हायाग्रातलं औषध) घेऊन पोहायला गेलं तर हे होत नाही. खरं आहे का?

श्वसनमार्ग:

बीपी सापडलं हे या सगळ्यातलं सगळ्यात मोलाचं. ज्यांना पोहताना असा एडिमा होतो त्यांच्यात हाय बीपी वारंवार दिसतं, आणि ते बऱ्याचदा माहीतच नसतं. डावं हृदय आखडलेलं असलं, नीट सैल होत नसलं, की रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं आणि वर सांगितलेला दाब लवकर चढतो. त्यामुळे तुमचा पहिला उपचार पोहण्याचा नाही, बीपीचा आहे. गोळी ठरवताना डॉक्टरांना हा सगळा प्रसंग नीट सांगा, कारण काही बीटा ब्लॉकर गोळ्यांबद्दल अशा पेशंटमध्ये जरा सावध राहतात.

सिल्डेनाफिलबद्दल. २०१६ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी असा त्रास होऊन गेलेल्यांना थंड पाण्यात व्यायाम करायला लावून फुफ्फुसातला दाब प्रत्यक्ष मोजला. तो इतरांपेक्षा जास्त चढत होता, आणि सिल्डेनाफिल दिल्यावर उतरला. म्हणजे तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं हवेतलं नाही. पण ती मोजकी माणसं होती, लॅबमध्ये, देखरेखीखाली. तुमचं बीपीच अजून ताब्यात नाही, त्यावर दुसऱ्याच्या सांगण्यावरून ही गोळी घेऊन खोल पाण्यात उतरणं मला अजिबात मान्य नाही. हृदयाच्या त्रासासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर ही गोळी जीवावर बेतू शकते, हे तुमच्या ग्रुपलाही सांगा.

'भरून घे' या सल्ल्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो चांगल्या हेतूने दिला जातो. धावणाऱ्यांमध्येही याचा दुसरा चेहरा आहे. २००० मध्ये ७ निरोगी मॅरेथॉन धावपटूंबद्दलचा रिपोर्ट छापून आला, रक्तातलं सोडियम खाली गेलेलं, मेंदूला सूज, आणि त्याबरोबर फुफ्फुसातही पाणी. सहा जणांना तीव्र मिठाचं सलाइन दिलं, ते वाचले. सातव्याचं वेळेवर ओळखलं गेलं नाही, तो गेला. हृदय या सगळ्यांचं चांगलं होतं. तहानेएवढं प्यायचं, साठवून ठेवायचं नाही.

स्वीडनमध्ये नदीतला एक मोठा स्विम होतो, वान्सब्रोला, हजारो लोक उतरतात. तिथे अभ्यास केला तेव्हा साधारण हजारात चार जणांना हा एडिमा सापडला, बायकांत आणि वय वाढलेल्यांत जास्त. तिथे किनाऱ्यावरच मास्कमधून दाबाने हवा देतात, सीपॅप, आणि बरेच जण तिथूनच घरी जातात. म्हणून म्हणतो, इव्हेंट घेणाऱ्यांना हे माहीत असलं पाहिजे. तुमच्या आयोजकांना एकदा लिहून कळवा, पुढच्या वेळी निदान ऑक्सिजन आणि ऑक्सिमीटर तरी किनाऱ्यावर असेल.

परत पोहायचं का? माझ्या मते बीपी काही महिने स्थिर राहिल्यावर, तुमच्या कार्डिओलॉजिस्टने होकार दिल्यावर, कोमट पाण्यात, कमी अंतर, हळू. ज्यांना एकदा झालंय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना परत होतं हे मी लपवणार नाही. गार पाण्यात, एकटीने, रेसच्या वेगाने, यातलं काही एवढ्यात नको.

पायडल:

डॉक्टर, तुम्ही माझं वाक्य खोडलंत ते बरोबर केलंत. मीही काल बीपी मोजून आलो. ताई, मी घाईत लिहिलं होतं, सॉरी.

निळीशाई:

सॉरी कशाला, तुमचा रिप्लाय पहिला आला म्हणून तर त्या रात्री झोप लागली.

साडेचार महिन्यांनी अपडेट देतेय. बीपी गोळीवर १२२/७८ च्या आसपास आहे, घरी रोज मोजते. कार्डिओलॉजिस्टने स्ट्रेस टेस्ट करून मगच हो म्हटलं. तो वेटसूट देऊन टाकला, नवीन एक साइज मोठा घेतला पण अजून घातलेला नाही. आयोजकांना पत्र लिहिलं, किनारा, तुम्ही लिहिलेलं सगळं त्यात घातलंय, न झोपवणं आणि पाणी न पाजणं सकट.

परवा पहिल्यांदा पूलमध्ये उतरले. पाणी २८ डिग्री. काठावर मुलगी ऑक्सिमीटर घेऊन बसली होती आणि प्रत्येक शंभर मीटरला मला थांबवून बोट मागत होती. ४०० मीटर, इतकं हळू की शेजारच्या लेनमधले आजोबा पुढे गेले. आधी ९८, शेवटी ९७. बाहेर येऊन मुद्दाम मोठ्याने खोकून बघितलं, पांढऱ्या टॉवेलवरच. कोरडा होता.